भेंडीचं टोक

अमेरिकेत आमच्या वेस्ट विंडसर गावात एक काका राहतात, रिटायर्ड इंजिनिअर. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा स्टॉप साइनला गाडी पूर्ण थांबवतात, आणि शेजारी मी बसलेलो असलो तर "शिस्त अंगात असावी लागते," असं ऐकवतातही. अमेरिकन सुपरमार्केटमध्ये तर ते इतके सभ्य होतात, की रिकामी ट्रॉली आडवी आली तरी तिला सॉरी म्हणतील.

हेच काका इंडियन ग्रोसरीत शिरले, की दारातच त्यांची कोपरं बाहेर येतात. "माझी नुसती कोथिंबीरच आहे हो," म्हणत रांगेत पुढे घुसतात. भेंडीच्या ढिगापाशी तर एकेक टोक कटाकट मोडत सुटतात. "मोडल्याशिवाय कोवळी कळणार कशी?"

परवा ते मला त्या सभ्य सुपरमार्केटमध्ये दिसले. तिथे चक्क भेंडी आली होती. काका हात पाठीमागे घट्ट बांधून तिच्याकडे नुसते बघत होते, म्युझियममध्ये उभे असल्यासारखे. मला राहवेना. जवळ जाऊन हळूच विचारलं, "काय काका, कोवळी आहे का?"

मराठी कानावर पडलं मात्र, काकांचे हात सुटले आणि कट्‌कन टोक मोडलं. शेजारी उभ्या असलेल्या अमेरिकन बाई दचकून बघायला लागल्या.

काकांनी ती मोडकी भेंडी शांतपणे माझ्या हातात ठेवली आणि बाईंना अतिशय नम्रपणे म्हणाले, "सॉरी मॅम, ही इज न्यू हिअर."