तिसरी रेघ

अकोले तालुक्याच्या डोंगरांत बाबाजानचा पाय लागला नाही असा बांध विरळाच. मोजणी खात्यात तो साखळी ओढायला लागला आणि साहेबांच्या मागं उभा राहून नकाशा वाचायला शिकला. नकाशा हाती आला की तो घाई करत नसे. होकायंत्राची सुई आधी ठरू द्यायची, मग कागदाची उत्तर तिच्या उत्तरेला लावायची. समोरचा डोंगर कागदावरच्या डोंगराच्या रोखात येऊन बसतो. “कागद फिरवा, डोंगर फिरत न्हाई,” असं तो खात्यात नव्यानं आलेल्यांना सांगे.

सदुसष्टाव्या वर्षी त्याला एकच जागा शोधायची होती, आणि हातात आठ दिवस होते.

त्याचं आणि बायको शमशादचं जुनं गाव धरणात गेलं, त्याच्या आदल्या महिन्यात त्यांची पहिली लेक अंजुम तापानं गेली. तीन महिन्यांची होती. त्यांच्यात बायका कब्रस्तानात जात नसत. आई असूनही शमशाद बाहेर विहिरीपाशी उभी राहिली. मग पाणी आलं. यंदा दरवाजांच्या दुरुस्तीसाठी धरण रिकामं केलं आणि अडतीस वर्षांनी गावाची जमीन उघडी पडली; आठ दिवसांनी पाणी परत येणार होतं. शमशाद म्हणाली, “मला एकदा तिच्यापाशी बसायचंय.” एवढ्या संसारात तिनं दुसरं काही मागितल्याचं बाबाजानला आठवत नव्हतं.

दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी तो होकायंत्र घेऊन एकटाच कबरीवर गेला होता. तिथं उभं राहून त्यानं तीन खुणांचे कोन वहीत टिपले होते. पूर्वेची खिंड, टेकडीवरच्या देवळाचा कळस आणि माळावरची चिंच. ती वही घेऊन दोघं सकाळीच खाली उतरले. कबरी, कुंपण, वाटा, सगळं गाळाखाली होतं. भेगाळलेल्या गाळातून विहिरीचा दगडी कठडा तेवढा वर आला होता. शमशाद तिथंच थांबली.

बाबाजाननं खोरं लांब नेऊन ठेवलं, लोखंड सुईला ओढतं म्हणून. खिंड बासष्ट अंशांवर दिसेतोवर तो गाळातून सरकत राहिला, आणि तिथून त्याच रोखानं फक्कीची पांढरी रेघ ओढली. कळसाची दुसरी रेघ तिला छेदून गेली. मग तो चिंचेकडं वळला. माळ मोकळा होता.

“सापडली का?” शमशादनं हाक दिली.

“दोन रेघा कुटं ना कुटं एकमेकींना कापणारच. खरं का खोटं ते तिसरी सांगती. चिंच तोडली कुणीतरी.”

“जनमभर लोकांचे बांध दावले, आन् सोताच्या लेकीची जागा घावंना व्हय?”

बाबाजाननं वही मिटली. मग तीच म्हणाली, “अवो, हिकडं या. त्या दिशी मी हितंच हुते. तुमच्यावरनं डोळा हलवला न्हाई. तुमी तिला खाली ठेवाया वाकला, तवा तुमच्या डोक्यावर बराबर तो समोरचा सुळका हुता.”

बाबाजाननं कठड्यावरून सुळक्याकडं पाहिलं. दोन अढळ खुणा आणि त्यांच्यामधली सरळ रेघ. तिला होकायंत्र लागत नाही, हे त्यानं किती जणांना शिकवलं होतं. ती रेघ शमशादनं अडतीस वर्षं डोळ्यांत धरून ठेवली होती, आणि त्यानं तिला कधी विचारलंच नव्हतं.

तो परत गाळात गेला. ती हातानं खुणावत राहिली. “डावीकडं. आनखी. लई झालं, मागं या. बास.” त्यानं तिथून सुळक्याच्या रोखानं फक्की सोडली.

तिसरी रेघ त्या फुलीतून गेली नाही. शेजारून गेली. सात-सात पावलांचा एक त्रिकोण उरला.

“चुकलं का वो?”

“न्हाई. असंच येतं. सुईची उत्तर वर्सामागं वाईच सरकती, मानसाची नजर बी सरकती. तीन रेघा एका ठिपक्यात येत न्हाईत. पन बहुतेक याच्या आतच हाय ती.”

साहेबांपुढं तो अशा त्रिकोणाच्या मधोमध पेन्सिलीचा ठिपका देई आणि काम उरके. आज तो ठिपका त्याच्यानं देववेना.

शमशादनं चपला काढल्या आणि ती रेघ ओलांडून आत आली. सोबत आणलेल्या कॅनमधलं पाणी तिनं एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, मग तिसऱ्यापर्यंत शिंपडलं. एक वीतही कोरडी सोडली नाही. मग ओल्या गाळावर हात पसरून बसली. “एवढीशी तर हुती,” ती म्हणाली. “कुटं बी आसू दे हितं.”

बाबाजान रेघेच्या बाहेर उभा राहून फातिहा पढला. ऊन वर आलं तरी ती उठली नाही, आणि त्यानं तिला ऊठ म्हटलं नाही.