वाळूइतका थंड रणगाडा

वडीगोद्रीत हायवेच्या कडेला फवारणी पंप दुरुस्त करणारा धम्मपाल खांद्यावर रुमाल ठेवत नाही. ग्रीसचे हात तो रद्दी कागदाला पुसतो आणि कागद फेकून देतो. गिऱ्हाइकं हसतात. अकरा वर्षं असंच चाललंय.

फौजेत तो हेलिकॉप्टरला रणगाडे फोडणारी क्षेपणास्त्रं चढवायचा. डागणारा वेगळा, आदळलेलं पाहणारा वेगळा. यानं तारा जोडायच्या, सुरक्षेच्या पिना काढायच्या आणि लाल फितींच्या त्या पिना हात वर करून पायलटला दाखवायच्या. पायलट बोटांनी तेवढाच आकडा दाखवी. मग हा मागे सरकायचा.

एका शनिवारी दुपारी त्याची मुलगी साक्षी जालन्याहून आली. सळयांच्या कारखान्यात कुठली मोटार तापते, ते ती उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून तपासते. कॅमेरा सोबतच होता. धम्मपालने तो हातात घेतला. पडद्यावर दुकानाचा पत्रा पांढराशुभ्र, सावलीतला रांजण काळा.

"आमच्या क्षेपणास्त्राच्या नाकात हाच डोळा असायचा," तो म्हणाला.

"मंग ते रणगाडा वळखायचं कसं?"

"वळखत न्हाई. जुन्यांना मागं तार असायची, माणूस शेवटपर्यंत हाकायचा. नव्याला हेलिकॉप्टरातला माणूस फकस्त चौकट दाखवतो, पडद्यावरच्या गरम ठिपक्याभोवती. ते चित्र ध्यानात ठेवायचं न् सुटल्यावर समोरच्या चित्राशी जुळवत जायचं. जरा हललं की पंख वळवायचे. आधी वर चढायचं, मंग वरून खाली."

"वरून कशाला?"

"रणगाड्याची टाळू पातळ असती. पुढून लई जाड."

मग त्याने तिला कुणालाच न सांगितलेलं सांगितलं. वाळवंटातली चाचणी. दिवसभर वादळ, त्यामुळे वेळ संध्याकाळवर गेली. क्षेपणास्त्राच्या डोळ्यावर धूळ बसली होती. ती पुसायचं मऊ कापड गाडीत राहिलं होतं. याने अंगातल्या डांगरीच्या खिशातला घरचा रुमाल काढला आणि आपल्याकडे घाम, ताट, लेकराचं तोंड पुसतात तसा फिरवला. क्षेपणास्त्र सुटलं, मध्येच भरकटलं आणि निशाणा म्हणून उभ्या केलेल्या जुन्या बंद रणगाड्यापासून लांब वाळूत पडलं. चौकशीत कारण सापडलं नाही. रुमालाचं कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. सहा महिन्यांनी नोकरीची मुदत भरली, तो घरी आला.

"रुमालामुळंच झालं का?" साक्षीने विचारलं.

"तेच तर म्हाईत न्हाई."

समोर मोकळ्या जागेत शेजारच्या अण्णासाहेबांचा ट्रॅक्टर सकाळपासून उन्हात उभा होता. तेवढ्यात ते दुकानाशी आले, तसा धम्मपाल उठला. "अण्णासाहेब, तुमचा रुमाल द्या."

"आं? फौजी, तुम्हीबी माणसात आलात की!"

त्याने रुमाल कपाळावरून फिरवला आणि कॅमेऱ्याच्या काचेवर घासला.

"ओ पप्पा! कंपनीचा हाय तो!"

पडदा जरासा धुरकट झाला. ट्रॅक्टर मात्र पांढराशुभ्रच दिसत होता. साक्षीने काच नीट साफ केली.

"आता बसू," तो म्हणाला.

तिघे पायरीवर बसले. ऊन उतरत गेलं. धम्मपाल थोड्या थोड्या वेळाने पडद्यात पाहत होता. पांढरा ट्रॅक्टर राखाडी होत चालला. दिवस मावळला, पण उजेड होता, तेव्हा साक्षी दचकली. डोळ्यांसमोर लाल ट्रॅक्टर जागच्या जागी उभा होता. पडद्यावर नुसती जमीन होती.

"गेला कुठं?"

"हाये तिथंच. लोखंड जल्दी निवतं, माती सावकाश. मधी एक घटका दोघं बराबर होतात. डोळा साफ असला तरी काय बघंल?"

तो चालत गेला. एक तळहात बॉनेटवर ठेवला, वाकून दुसरा मातीवर. बराच वेळ तसाच राहिला. परतला तेव्हा पडद्यावर ट्रॅक्टर पुन्हा उगवत होता, या खेपेला जमिनीहून काळा.

"मंग रुमालाचा दोष नव्हता, पप्पा."

"इथली माती न् तिथली वाळू येक न्हाई."

"तरीपण?"

हाताची माती धम्मपालने रुमालाला पुसली, रुमाल झटकला आणि खांद्यावर टाकला.

"ओ फौजी, माझा हाय तो!" अण्णासाहेब म्हणाले.

"उद्या धुऊन देतो," धम्मपाल म्हणाला आणि दुकानाचं शटर ओढायला गेला.