फक्त इशारे

लॉइड हारजू माणूस अबोल, पण त्याचा प्रोग्राम भलता बडबड्या. अमेरिकेतल्या सुपिरियर सरोवराकाठच्या मत्स्यबीज केंद्रात हा प्रोग्राम टाक्यांतल्या ऑक्सिजनवर लक्ष ठेवी आणि दिसेल ते सिस्टमच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिही. पंप चालू, पाणी ठीक, पंप अजून चालू. हे सगळं आयली निएमीला स्क्रीनवर वाचावं लागे. तिथले ट्राउट मासे तिनेच बोटाएवढे असल्यापासून वाढवलेले.

"लॉइड, गप्प कर रे बाबा याला," मांस-बटाट्याची पास्टी खाता खाता ती एकदा म्हणाली. "माझी सासूसुद्धा इतकं बोलत नव्हती."

"बरं, कामाचं तेवढंच बोलेल."

प्रोग्राम लिहिण्याच्या सी भाषेत हे एका ओळीचं काम. संदेशांना पायऱ्या असतात: साधी माहिती, त्यावर इशारा, त्यावर चूक, मग गंभीर. कुठल्या पायऱ्या लॉगमध्ये जाऊ द्यायच्या ते प्रोग्राममध्येच सांगता येतं. 'इशारा आणि त्याहून वाईट ते सगळं' यासाठी एक शब्द आहे, 'फक्त इशारा' यासाठी दुसरा. लॉइडने घाईत दुसरा लिहिला. लिहिण्यातल्या चुका पकडणाऱ्या कंपायलरने हूं की चूं केलं नाही. त्याला काय, दोन्ही चालतात. चाचणी म्हणून लॉइडने एक इशारा पाठवून पाहिला, तो दिसला, आणि स्वारी खुशीत घरी गेली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी इशारे येऊ लागले: ऑक्सिजन कमी होतोय. टाक्यांकडे जायला आयलीने बूट हातात घेतले. तेवढ्यात इशारे थांबले. पाणी सावरलं असं तिला वाटलं. कुणालाही वाटलं असतं. खरं तर पंपच बंद पडला होता. प्रोग्राम जीव तोडून 'गंभीर, गंभीर' ओरडत होता, पण त्या पायरीचं तोंड लॉइडनेच बांधून ठेवलेलं. बऱ्याच वेळाने ती टाक्यांकडे गेली तेव्हा मासे पोटं वर करून तरंगत होते. सगळेच.

चौकशीत लॉगमध्ये इशारे सापडले, पुढे काही नाही. बाई झोपली असणार, असं ठरवून तिला घरी बसवलं. नंतर लॉइडला ती ओळ सापडली. तो तडक साहेबांकडे, डेनिसकडे गेला.

"अहवाल वर गेलाय," डेनिस म्हणाला. "केंद्रही बंद होतंय. आता कशाला उकरून काढतोस?"

"तिच्यावर उगाच आळ आलाय."

"मासे परत येणारेत का? जा, काम कर."

काम कसलं डोंबलाचं! लॉइड आयलीच्या घरी गेला आणि स्वयंपाकघरात बसून त्याने सगळं सांगितलं.

"माझाच डोळा लागला असेल," ती म्हणाली. "रोज आठवून बघते. बूट हातात होते, मग एकदम टाक्याच दिसतात."

"अगं, इशारे थांबले म्हणून तू बसून राहिलीस. ते मी थांबवले. तू झोपली नव्हतीस, आयली."

त्याने कागदी रुमालावर दोन्ही ओळी लिहिल्या, एकीखाली एक. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. तिला त्या सारख्याच दिसल्या.

"भला माणूस आहेस तू," ती म्हणाली. "माझ्यासाठी एवढं खोटं रचलंस." त्याच्या कपात तिने आणखी कॉफी ओतली. "पण हे दुसऱ्या कुणापाशी बोलू नकोस हं. लोकांना खरं वाटेल."