देवाला घातलेलं पाणी

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटायचा. वाटायचा म्हणणंही खोटं आहे, अजून वाटतो. ती पाचवी शिकलेली. मी बीएस्सी, आणि विषय वनस्पतिशास्त्र. पांढुर्ण्याला माझा बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा, आणि आमच्या साऱ्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लोकांनी न विचारताही सांगते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

लग्न होऊन सौंसरजवळच्या या गावात आले, त्याला बारा वर्षं झाली. त्यातली नऊ वर्षं मी गावच्याच शाळेत अतिथी शिक्षक, म्हणजे तात्पुरती शिक्षिका होते. सकाळी मी पर्स घेऊन निघायची, ती विळा घेऊन. माझा डबा तीच भरायची. गावात मी मॅडम, आणि ती कोणाची तरी सून.

मग हेवा कशाचा? तिच्या उठण्याचा. आमच्या संत्र्याच्या बागेत, विहिरीकडच्या कोपऱ्यात, संत्र्याच्याच एका झाडाखाली शेंदूर फासलेला दगड आहे. शेताचा देव. जाऊ रोज तिथे दहा मिनिटं बसते. बसते तेव्हा तिच्या तोंडावर सगळं दिसत असतं, सासूबाईंचे गुडघे, पोराचा न थांबणारा खोकला, माकडांनी केलेली नासधूस. उठते तेव्हा चेहरा धुतल्यासारखा. मी हे कितीदा तरी पाहिलं आणि दरवेळी मला राग आला. मी घरच्या देव्हाऱ्यासमोर अर्धा तास बसायची, एक शब्द न चुकता पोथीचा पाठ म्हणायची, आणि उठताना मला वाळत घातलेले कपडे आठवायचे.

दिवाळीनंतर शाळेत बदलीवर नियमित शिक्षक आले आणि माझी जागा गेली. कोणाची चूक नव्हती, अतिथीचं असंच असतं. हेडमास्तरांनी चहा पाजला. मी घरी आले तेव्हा जाऊ अंगणात मिरच्या निवडत बसली होती.

"लवकर आल्या बाई आज?"

"उद्यापासून जायचं नाही," मी म्हटलं.

तिनं सूप ओढलं आणि थोडी सरकून शेजारी जागा केली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते सरकणं मला असं झोंबलं, की जागा गेल्याचंही तेवढं झोंबलं नव्हतं. मी तिथे न बसता आत निघून गेले.

मग मी ठरवलं, जागा देवाकडून परत घ्यायची, आणि तीही तिच्याच देवाकडून. एकवीस दिवस. रोज साडेदहाला, सगळे कामाला लागले की मी त्या झाडाखाली जायची. साडेदहाला मुद्दाम. ती शाळेच्या प्रार्थनेची वेळ, आणि भोंग्यावरून तो आवाज शेतापर्यंत येतो. जाऊ काय करायची, तर बोटं पाण्यात बुडवून चार थेंब शिंपडायची आणि एक फूल ठेवायची. मला ती कंजुसी वाटली. मी विहिरीतून दोन बादल्या ओढायची आणि दगडावर रिकाम्या करायची. देवालाही फरक कळला पाहिजे ना.

ते दिवस ताणाचे होते. संत्र्याला आंबिया बहार यावा म्हणून हिवाळ्यात महिना-दीड महिना बागेचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात, झाडाकडे पाहवत नाही. मग पाणी सोडलं की काही आठवड्यांत बाग फुलते. हे मला माहीत होतं. शाळेत विचारलं असतं तर फळ्यावर आकृती काढून समजावलं असतं. पण देवाला घातलेलं पाणी झाडाच्याही मुळाशी जातं, हे या पदवीधर बाईच्या डोक्यात आलं नाही. उलट आजूबाजूची झाडं माना टाकून उभी आणि हे एकटं हिरवंगार, हे पाहून मला वाटलं, देवानं माझं ऐकलं. मनात म्हटलं, आता बघ म्हणावं जावेला.

एकवीस दिवस सरले. जागा काही परत आली नाही. मधल्या एका दिवशी मात्र वेगळंच झालं होतं. भोंग्यावर मुलांची प्रार्थना सुरू झाली आणि माझा पाठ मध्येच तुटला. नऊ वर्षं ती प्रार्थना मी घेतली होती, पण डोळे उघडे ठेवून. कोण बोलतंय, कोणाचा शर्ट बाहेर आलाय, एवढंच पाहत. त्या दिवशी डोळे मिटले आणि रडू आलं ते थांबेना. मग पदरानं तोंड पुसलं आणि कोणी पाहिलं नाही असं समजून घरी आले.

फेब्रुवारीत बाग फुलली. वास पार रस्त्यापर्यंत. फक्त देवाच्या झाडावर फूल नव्हतं. धाकटे दीर त्याच्याभोवती फिरले, पायानं माती उकरून पाहिली.

"याले पानी कोनं देल्लं? ताण बसलाच नाई या झाडाले."

त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, देवानं घोटभर पेलं अन् बाकीचं झाडानंच पेलं वाटते."

माझा नवरा हसला, सासूबाई हसल्या. जाऊ हसली नाही. मला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला विहिरीवर गाठलं.

"तुले माहीत होतं ना?"

"हो."

"मग सांगितलं काऊन नाही? मॅडमची फजिती पाहाची होती?"

"सांगाले आलती एक दिवस," ती दोर गुंडाळत म्हणाली. "तं तुमी रडून राहिल्या होत्या. वापस गेली. म्हटलं, एका झाडाचा बहार जाते तं जाऊ दे."

मी विहिरीच्या काठावर बसले.

"मी बी तेच करून राहिली ना तिथं इतके वर्षं," ती म्हणाली. "रडाचं, नाही तं भांडाचं. तुमाले काय वाटलं, पोथी म्हनतो? मले कुठं येते पोथी. काय होऊन राहिलं थे त्याले सांगाचं, बस. तुमचं बी सांगितलं."

"माझं काय?"

"का बाप्पा, या मॅडमचा लय हेवा येते मले. एवढा काढून टाक मनातून."

"मग? काढला?"

"नाई ना," ती म्हणाली आणि बादली उचलून चालू लागली.

त्या दिवशी साडेदहाला मी पुन्हा गेले. बादली नेली नाही, पाठ म्हटला नाही. भोंगा सुरू झाला. मी दगडाला सरळ सांगितलं. जागा गेली आहे. तिच्या शेजारी सुपाशी बसायची मला लाज वाटते. मी शिकले आणि तुझी ओळख तिला आहे, हे मला सहन होत नाही.

उत्तर आलं नाही. पण एक गोष्ट आठवली. मी दहावीत असताना माझा बाप कामावरून यायचा, केसांत कापूस अडकलेला, आणि मी अभ्यास करत असले की शेजारी येऊन बसायचा. त्याला अक्षर कळत नव्हतं. मदत काही करू शकत नव्हता. नुसता बसून राहायचा, आणि अडलेलं गणित अडलेलंच असलं तरी मला भीती वाटायची नाही. त्या झाडाखाली मला अगदी तसं वाटलं. कोणीतरी शेजारी येऊन बसलं होतं. जागेचं काही बोललं नाही. उठून जायचीही त्याला घाई नव्हती.

घरी आले. जाऊ अंगणात तुरी पाखडत होती. मला पाहून ती सवयीनं थोडी सरकली.

मी बसले. एक सूप मीही ओढलं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला चालतो. तेही मला खुपलं. उद्या साडेदहाला सांगीन म्हटलं त्याला.