कडेची माणसं

लग्नाच्या व्हिडिओची डिस्क तयार झाली की काका खुर्चीवरून उठायचे, चपला काढायचे आणि जमिनीवर मांडी घालून बसायचे. समोर स्टुलावर एक जुना, मागे पोट असलेला टीव्ही. तो सुरू करून, पाठ भिंतीला टेकवून ते अख्खं लग्न पहिल्यापासून पाहायचे. टेबलावर एवढा चांगला मॉनिटर असताना हा माणूस खाली बसून त्या डबड्यात काय बघतो, असं नव्या माणसाला वाटायचंच. मीही विचारलं होतं.

"आपलं गिऱ्हाईक मॉनिटरवर नाई पाह्यत बाई," काका म्हणाले. "ते असं खाली बसून पाह्यते, तूर निवडता निवडता. तिथून दिसलं पाह्यजे."

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. लग्नात वऱ्हाडाच्या आधी पोचतो, सगळ्यांच्या शेवटी जेवतो आणि नंतर कोणालाच त्याचा चेहरा आठवत नाही, कारण दिवसभर त्याच्या तोंडासमोर कॅमेरा असतो. मी त्यांना ओळखायला लागले तोवर गुडघ्यांमुळे काकांनी लग्नात उभं राहणं सोडलं होतं. शूटिंगला हाताखालची मुलं जात. काका पिपरी मेघेतल्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत बसून एडिटिंग करत. घराणं व्यापाऱ्याचं. धाकट्या भावाचं वर्ध्याच्या बाजारात कापडाचं दुकान. तो आला की हमखास म्हणायचा, "आमचा दादा लोकायचे लग्नं पाहूनच पोट भरते." काका हसून त्याच्यासमोर चहा सरकवायचे.

आमच्या घरी शेती. घरात बी.ए. झालेली मी पहिली. झाले, आणि पुढे काय ते कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. एडिटिंगचा छोटासा कोर्स केला आणि भीत भीत काकांच्या खोलीचा जिना चढले. त्यांनी कागदपत्रं मागितली नाहीत. कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि एक बारशाचा व्हिडिओ पुढ्यात टाकला. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "ही आमची ग्रॅज्युएट." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"काका, नका ना सांगू."

"काऊन? तुह्या घरात तूच पहिली ना? मंग सांगू दे की मले."

आज कोणी माझी पदवी विचारली की त्यांचा तो आवाज आठवतो. तेवढ्या अभिमानानं ती आजवर कोणीच सांगितलेली नाही.

तेव्हा कॅमेरे नवे आले होते, रुंद चित्राचे. चित्र इतकं स्वच्छ की नवरदेवाच्या कानामागे राहिलेली हळदही दिसायची. पण गावोगावच्या घरांत टीव्ही जुनेच, जवळजवळ चौकोनी. रुंद चित्र त्या चौकोनात बसवायचं हे आमचं रोजचं दुखणं. पूर्ण चित्र ठेवलं तर वर-खाली काळ्या पट्ट्या येत आणि माणसं बोटभर होत. मग गिऱ्हाईक डिस्क घेऊन परत, "काका, टीव्ही अर्धाच भरला." दोन्ही बाजूंनी दाबून बसवलं तर सगळे लांबट आणि बारीक. एकदा एका मुलानं घाईत तशीच डिस्क देऊन टाकली. नवरदेवाचा मामा जिना चढून आला. "आमच्या घरात एवढे उपाशी लोक नाईत," म्हणाला. त्याच लग्नातल्या नवरीच्या आत्यानं मात्र तशाच आणखी दोन डिस्क मागून नेल्या. एवढी सडपातळ ती आयुष्यात पहिल्यांदाच दिसली होती.

उरला मार्ग कडा कापायचा. कॉम्प्युटर ते आपोआप करतो, मधला भाग ठेवतो आणि दोन्ही कडा टाकून देतो. बहुतेक ठिकाणी तसंच चालायचं. काकांना ते पटत नसे. ते एकेक दृश्य थांबवत, चौकट डावीकडे, उजवीकडे सरकवून बघत आणि कोणाला ठेवायचं ते ठरवत. "मधी नवरानवरी असतेच. कडेले कोण आहे ते पाह्य आधी." दुसरी एक गोष्ट त्यांनी शिकवली. नव्या कॅमेऱ्याचं चित्र जुन्या टीव्हीच्या मानानं खूप मोठं असतं, त्यामुळे त्याचा एखादा कोपरा उचलून पडदाभर केला तरी चित्र फाटत नाही, धूसर दिसत नाही. कोपऱ्यातला माणूस मधे आणता येतो.

एका लग्नसराईत पवनारच्या पुढच्या गावातला एक मुलगा आला. त्याच्या बहिणीचं लग्न आमच्याच मुलांनी शूट केलं होतं, नवरदेवाकडे, अमरावतीच्या बाजूला. वडील लग्नाला जाऊ शकले नव्हते. त्यांना सावंगीच्या दवाखान्यातून घरी आणलं होतं. घरी न्या म्हणाले होते डॉक्टर, आणि त्याचा अर्थ आम्हाला कळला.

"लवकर द्या काका. बाबाले दाखवायचं आहे."

"टीव्ही केवढा आहे? खाट कुठी आहे?"

"टीव्ही लहानच आहे. खाट दाराजवळ. त्यायले आता दूरचं नीट दिसत नाई."

म्हणजे काळ्या पट्ट्या चालणार नव्हत्या. चेहरे मोठेच हवेत, तर कडा कापाव्याच लागणार. "मंग ठेवू कोणाले?" काकांनी विचारलं. मुलगा म्हणाला, "पोरगी दाखवा ना, अजून काय!"

आम्ही कामाला लागलो. नवरी प्रत्येक चौकटीत मधोमध बसली. मला काम छान झालेलं वाटत होतं. पण काका सारखे मान हलवत होते. शेवटी उठले. "ग्रॅज्युएट, चाल. त्या माणसालेच विचारून येऊ."

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी त्या गावी गेले. वडील खाटेवर होते, गालफडं बसलेली, डोळे मात्र जागे. त्यांच्या बायकोनं चहा ठेवला. काका खाटेजवळ जमिनीवरच बसले.

"मी व्हिडिओवाला भाऊ. तुमच्या पोरीचं लग्न बनवून राह्यलो. तुमाले काय पाह्यचं आहे त्यात?"

त्यांनी हातानं काकांना जवळ बोलावलं. मग म्हणाले, "पोरगी नोको दाखवू."

"अहो, काय बोलता हे!" बायको चुलीपाशीच थबकली.

"तिचं तोंड मले पाठ आहे. सोयरीक झाली तवा मी दवाखान्यात पडून होतो. लग्नातही नाई. ते लोक मी पाह्यलेच नाईत. मले ते दाखव भाऊ. तिची सासू कशी आहे? पोरीचं ध्यान नसते तवा ती तिच्याकडे कशी पाह्यते, ते दाखव."

परत येऊन काकांनी केलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता चौकट नवरीवरून सरकून कडेला जाऊ लागली. "काका, नवरी अर्धी कापली जातेय," मी म्हणाले. "जाऊ दे."

सासू सापडली. पोपटी नऊवारीतली एक उंच, काटक बाई. ती कधीच मधे नव्हती, सतत कुठल्या तरी कडेनं लगबगीनं जाताना दिसायची. काकांनी तिला एकेका कोपऱ्यातून उचलून पडदाभर केलं. एका ठिकाणी ती आहेराच्या ताटांपाशी कोणावर तरी जोरात ओरडत होती. मी म्हटलं, हे तरी काढू या.

"राहू दे. बापाले खरं पाह्यचं आहे."

मग पंगत आली. आमच्या आधीच्या चौकटीत नवरा नवरीला घास भरवत होता, सगळे हसत होते. तो क्षण संपल्यावर कॅमेरा तसाच थोडा वेळ चालू राहिला होता आणि तो भाग आम्ही आधी टाकून दिला होता. त्यात नवरी एकटीच जेवत होती, मुंडावळ्यांची टोकं सारखी वरणात जात होती आणि ती संकोचून घास खाली ठेवत होती. उजव्या कडेनं सासू वाढायचं भांडं घेऊन आली. भांडं डाव्या हातात घेतलं, मुंडावळ्या उचलून मुलीच्या कानामागे खोचल्या, पदरानं त्यांची टोकं पुसली आणि पुढच्या पानाकडे गेली. काकांनी तेवढा तुकडा मोठा केला, किंचित संथ केला. नंतर नेहमीसारखे खाली बसले आणि तो पाहिला.

डिस्क घेऊन आम्ही दोघंच गेलो. खाट टीव्हीकडे वळवलेली होती. वडील उशीवर डोकं वर करून बघत होते. आहेराचं भांडण आलं तशी बायको चुळबुळ करू लागली. ते मात्र हसले. "तोंडाची फटकळ आहे." पंगत आली आणि त्यांचं हसणं थांबलं.

"पुन्हा लाव."

काकांनी पुन्हा लावलं.

"अजून एकडाव."

नंतर त्यांनी हातानंच खूण केली, बंद कर. बायकोला म्हणाले, "तोंडाची फटकळ आहे, पण हात चांगला आहे तिचा." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. होळीच्या आधी ते गेले.

त्या दिवशी डिस्क दाखवून परतताना धाम नदीच्या पुलाअलीकडे काकांनी स्कूटर थांबवली. मला वाटलं पेट्रोल संपलं. ते नदीकडे बघत म्हणाले, "माह्या पोरीच्या लग्नात कॅमेरा माह्याच हातात होता. दुसऱ्याले द्यावाच वाटला नाई. दिवसभर तिलेच घेत राह्यलो. ते लोक सारे कडेले होते. पाह्यलेच नाईत मी." मग किक मारली. "बस."

त्यांची मुलगी रायपूरला दिली होती. तिथे तिचं बरं नाही, हे मला पुढे त्यांच्या भावाकडून कळलं. हळूहळू लोक लग्न मोबाईलवर बघू लागले, डिस्क कोणी मागेना, आणि एका उन्हाळ्यात काकांनी खोली सोडली. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते रायपूरला गेले. त्यांच्या घराण्यात बाप लेकीच्या घरचं पाणीही पीत नाही, म्हणून त्यांनी मागच्या गल्लीत एक खोली घेतली.

मी फोन करायचे. "दिवसभर काय करता काका?"

"काही नाई. सकाळी तिच्या घरावरून चक्कर मारतो. ती कपडे वाळू घालते, दिसते. तिच्या सासूले नमस्कार करतो. आधी बाई तोंड फिरवायची. आता मान हलवते."

मी आता सावंगीला एका कॉलेजच्या व्हिडिओ विभागात आहे. आम्ही मोबाईलसाठी उभे व्हिडिओ बनवतो. रुंद चित्राचा मधला पट्टा राहतो, बाकी सगळं जातं, आणि तो पट्टा कॉम्प्युटर स्वतःच चेहरा शोधून ठरवतो. काम झटपट होतं. मधेच कधीतरी वाटतं, मागे वळून विचारावं, काका, ह्यात कडेला कोण होतं? पण मागे कोणी जमिनीवर बसलेलं नसतं.

माझ्या लग्नाला ते रायपूरहून आले. पांढरा शर्ट, हात रिकामे. आई म्हणाली, "भाऊजी, पुढे बसा ना." ते बसले नाहीत. दिवसभर मुलाकडच्या माणसांत फिरत होते. त्यांच्या पंगतीत जेवले, त्यांच्या म्हाताऱ्यांना पाणी दिलं, आहेराच्या वेळी खांबाला टेकून उभे राहिले. मला राग आला होता थोडा. माझ्याकडे एकदाही आले नाहीत.

मी गाडीत बसले तेव्हा खिडकीशी आले. माझं रडणं थांबत नव्हतं.

"ऐक. सारं पाह्यलं मी. जेवताना, भांडताना, फोटो काढताना. तुही सासू तुह्यापरीस जास्त घाबरून राह्यली. सांभाळून घेजो तिले."

गाडी सुटली. ते वर्ध्याला परत कधी आले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात रायपूरहून फोन आला तो त्यांच्या मुलीचा होता, काका गेल्याचा.

माझ्या लग्नाच्या त्या संध्याकाळी सासरच्या दारात माप ठेवलं होतं. सासूबाई ओवाळायला पुढे आल्या. मला उगाच हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले, कारण त्यांच्या हातातलं ताट खरंच थरथरत होतं. मी खालून हात लावून ते धरलं.