चौथी लाइन

"शी इज जस्ट द हेल्प. शी डझन्ट गो एनीव्हेअर."

माझ्या मालकीणबाई हे फोनच्या दुकानात बोलल्या. काउंटरवरच्या गोऱ्या पोरीला. माझ्याबद्दल. मी दोन हात अंतरावर उभी होते, कडेवर त्यांची चार वर्षांची तन्वी, तिचे बूट माझ्या साडीला पुसून राहिले होते.

त्यांना वाटलं मला इंग्रजी कळत नाही, हेल्प म्हणजे कामवाली हेही नाही.

झालं होतं असं. मी नागपूरहून आणलेला फोन तन्वीनं आंघोळीच्या टबात बुडवला. लेकराचं काय चुकलं, तिला वाटलं फोनलाही अंग धुवायचं असेल. बाई म्हणाल्या, मावशी, काळजी करू नका, आमच्या फॅमिली प्लॅनवर तुम्हाला घेऊन टाकते. चार लाइन घेतल्या की चौथा फोन फुकट मिळत होता. पहिली लाइन साहेबांची. दुसरी बाईंची. तिसरी तन्वीच्या टॅबची. चौथी मी. म्हणजे बघा, टॅबच्याही मागे माझा नंबर.

मी फक्त एवढंच विचारलं, यात माझं नागपूरचं सिम बसंल का? गोरी पोर म्हणाली, हा लॉक्ड आहे, फक्त आमच्याच कंपनीवर चालेल, शिवाय अमेरिकेतल्या मॉडेलला सिमची खाचच नसते. दुसरं सिम पाहिजे तर इंटरनॅशनल व्हर्जन घ्या, अनलॉक्ड. तेव्हा बाई हसल्या आणि ते वाक्य बोलल्या. मग माझ्याकडं वळून मराठीत, गोड आवाजात: "मावशी, तुम्हाला काय करायचाय अनलॉक्ड? तन्वी आणि तुम्ही. घर, पार्क, घर."

मी मान हलवली. फोन घेतला. थँक्यूसुद्धा म्हणाले. लाज मला त्या वाक्याची नाही वाटत आता. त्या थँक्यूची वाटते.

आता तुम्ही म्हणाल, मावशी, फुकट फोन मिळाला, वर रुसवा कशाचा? सांगते. जरा मागं जावं लागंल.

मी नागपुरात मुलींच्या होस्टेलात आया होते. तेवीस वर्षं. शाळा माझी दुसरीतच सुटली, पण पोरींनी टाकलेल्या वह्या मी घरी न्यायची, अक्षरं गिरवायची. इंग्रजीही तिथंच शिकले, त्यांच्या फाटक्या रीडरांमधून. रेक्टरबाईंच्या खोलीत एक काळा फोन होता. त्याच्या चकतीला पितळेचं बारकं कुलूप. किल्ली रेक्टरबाईंच्या कमरेला. तो फोन रोज सकाळी पुसायचं काम माझं. चकतीची भोकं एकेक करून पुसायची, काडीला फडकं गुंडाळून.

एक दिवस फोन पुसत असताना तो वाजला. रेक्टरबाईंनी उचलला. माझ्या भावाचा होता, गावच्या पोस्टातून. मी हात पुढं केला. त्यांनी रिसीव्हर छातीशी धरला आणि भावाला म्हणाल्या, काय ते मला सांगा, मी तिला सांगते. माझा भाऊ रडून राहिला होता. रिसीव्हरमधून मला ऐकू येत होतं, डबीत कोंडलेल्या माशीसारखं. त्यांनी ऐकून घेतलं, ठेवून दिला आणि म्हणाल्या, "तुझी आई गेली म्हणतात."

आमच्या वस्तीचं नाव त्यांना माहीत होतं. माझा हात रिसीव्हरला पुसायला चालायचा. बोलायला नाही.

मी बादलीकडं गेले. फडकं पिळलं आणि वाळत घातलं.

पुढं मोबाइल आले. पहिल्या पगारवाढीत मी स्वतःचा नंबर घेतला, सिमच्या फॉर्मवर स्वतःची सही केली, सावकाश, पूर्ण नावाची. तो नंबर मी होस्टेलच्या प्रत्येक पोरीला दिला. घरी जाताना सांगायची, कधीही लाव, मी उचलीन. आणि लावायच्या बाप्पा पोरी. बाळंतपण आलं की लावायच्या, सासूनं घराबाहेर काढलं की लावायच्या, नोकरी लागली की आईच्या आधी मला. गडचिरोलीपासून पुण्यापर्यंत पसरल्यात त्या. त्यांचा ग्रुप आहे, त्याचं नावच 'मावशीच्या पोरी'. मला बक्षीस-बिक्षीस कधी मिळालं नाही. हा नंबर मिळाला.

मग लेकीनं, वैशालीनं, मला इकडं मिशिगनला आणलं. ती इथल्या नोव्हाय गावात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. ग्रीन कार्ड आलं, पण नुसतं बसून राहणं मला जमंना. म्हणून या बाईंकडं लागले, सोमवार ते शुक्रवार त्यांच्याच घरी राहायचं, शनिवार-रविवार लेकीकडं. बाई वाईट नव्हत्या हो. पुण्याच्या, मोठ्या गाड्यांच्या कंपनीत मॅनेजर. ओरडायच्या नाहीत. दिवाळीला साडी द्यायच्या. मला 'आमच्या घरच्याच' म्हणायच्या. फक्त पाहुणे आले की घरच्या मावशीनं वरच्या खोलीत जेवायचं.

तर तो फोन. सिमसाठी खाच शोधली, नव्हतीच. माझं सिम मी डायरीत चिकटपट्टीनं लावून ठेवलं. व्हॉट्सॲप जुन्या नंबरावर सुरू करायचं तर कोड त्याच नंबरावर येणार, आणि तो नंबर डायरीत. इकडच्या नंबरावर नवं सुरू केलं. डायरीत दोनच पोरींचे नंबर लिहिलेले होते, बाकीचे फोनाबरोबर बुडाले; त्या दोघींना लिहिलं, मी मावशी आहे गं. दोघींनी ब्लॉक केलं. बरोबरच केलं. परदेशातल्या नंबरावरून मावशी म्हणून कोण लिहितं? फसवणारेच लिहितात. थेट फोन लावावा तर बाहेरदेशी कॉल बाईंनी बंद ठेवलेले, बिल वाढतं म्हणून.

आणखी एक होतं त्या फोनात. एकदा तन्वीला घेऊन पार्कच्या पलीकडच्या लायब्ररीत गेले, तर पाच मिनिटांत बाईंचा फोन. मावशी, तुम्ही पार्कमध्ये का नाही? ऑफिसात बसून नकाशावर मला बघत होत्या. ठिपका हलला की फोन.

मी एका शनिवारी लेकीला घेऊन त्या दुकानात गेले. म्हटलं, याचं लॉक काढा, लागेल तर याच्यात नागपूरचा नंबर बिनसिमचा, ई-सिम म्हणतात तो, घालून घेते. काउंटरवरच्या माणसानं स्क्रीनवर बघितलं आणि विचारलं, "आर यू द अकाउंट होल्डर?" मी म्हटलं, फोन माझा आहे. तो म्हणाला, नो मॅम, यू आर लाइन फोर. खातेदार बाई, लॉक काढायचं तर त्यांनी सांगायचं, आणि तेही तीन वर्षांचे हप्ते संपल्यावर. फुकट म्हणजे असं होतं ते. आणि बिनसिमचा नंबर करून घ्यायला नागपूरच्या ऑफिसात जाऊन अंगठा द्यावा लागतो, असं लेकीनं विचारल्यावर तिकडच्या कंपनीनं सांगितलं.

मी बाईंना विचारलंही. रीतसर, हात जोडून नाही पण मऊ शब्दांत. त्या म्हणाल्या, बघू या हं, आणि लॅपटॉप उघडला.

सात आठवडे गेले.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी लेक मला न्यायला आली. सिग्नलला गाडी थांबल्यावर तिनं तिचा फोन माझ्या हातात दिला. तिची एक जुनी वर्गमैत्रीण पोरींच्या ग्रुपमध्ये आहे हे तिला तेव्हाच कळलं, तिनं पुढं पाठवलेलं होतं. माझा फोटो. होस्टेलच्या पायरीवर बसलेली मी, निळी साडी. खाली लिहिलेलं: आपल्या लाडक्या मावशी आपल्यात राहिल्या नाहीत, भावपूर्ण श्रद्धांजली. आणि खाली जोडलेले हात, ओळीनं, एकावर एक, बोटानं सारता सारेना.

कुणीतरी विचारलेलं, मावशी उत्तर का देत नाहीत. दुसरी म्हणाली, फोनच लागत नाही. तिसरीनं कुठंतरी ऐकलं, अमेरिकेतच झालं म्हणे. झालं. मी मेले.

आधी मला हसू आलं. खरंच. म्हटलं, फोटो चांगला निवडला पोरींनी. मग हसू थांबलं. मी जिवंत होते, बाईंच्या घरात लेकराचे मोजे धूत होते, आणि माझ्या पोरींनी मला रडून घेतलं होतं. आईच्या वेळी निरोप दुसऱ्याच्या तोंडून आला. आता माझ्या मरणाचाही तसाच आला. वैशाली मैत्रिणीला लगेच कळवणार होती; मी म्हटलं, थांब, जिवंत आहे हे मी माझ्या तोंडानं सांगीन.

वैशाली म्हणाली, आई, सोप्पं आहे, माझ्या प्लॅनवर ये, तुला लाइन देते. चांगला फोन आहे, स्वस्तात पडतो. मी विचारलं, लॉक्ड? ती म्हणाली, सगळ्यांचेच असतात गं, दोन-तीन वर्षं, कोण बघतं. मी म्हटलं, खातेदार कोण? ती म्हणाली, मी. म्हटलं, नको. ती दुखावली. तिला म्हटलं, तू लेक आहेस, तुझ्या ताटात जेवीन. पण तुझ्याही खात्यावर चौथी नको मला, आणि पहिलीही नको.

तिनं मग मला दुसरी बाजू नीट सांगितली, फसवलं नाही. इंटरनॅशनल व्हर्जन घेतलं तर पूर्ण किंमत एकदम. सूट नाही. बिघडला तर गॅरंटी इकडं कुणी मानत नाही. इकडच्या काही लहरी तो पकडत नाही, तळघरात रेंज जाईल. मी सगळं ऐकलं. म्हटलं, तळघरात मला कोण फोन करतंय?

शनिवारी सकाळी गेलो. लहानसं दुकान, लाँड्रीच्या शेजारी. दुकानदार लेबनॉनचा, माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर. त्यानं कुणाला विचारलं नाही की ही कोण. मला विचारलं, सिस्टर, व्हॉट नेम ऑन द रिसीट? मी माझं नाव सांगितलं, स्पेलिंगसकट. डायरीतून सिम सोडवलं. त्यानं पिनेनं खाच उघडली, एका बाजूला इकडचं नवं सिम, दुसऱ्या बाजूला माझं. लेकीनं रोमिंगचा रिचार्ज टाकला. आम्ही तिघं काउंटरवर वाकून बघत बसलो. बराच वेळ काही नाही. मग नागपूरचा नंबर जागा झाला, कोड आला आणि जुनं व्हॉट्सॲप उघडलं.

मेसेज येतच राहिले. फोन काउंटरवर सरकत होता थरथरीनं.

त्यात रेखाचे अकरा होते. रेखा चंद्रपूरची, नवरा मारतो तिला, दोन वर्षांपासून दर रविवारी माझ्याशी बोलायची. मावशी, उचला ना. मावशी, बॅग भरून ठेवली आहे. मावशी, तुम्ही हो म्हणाल्या असत्या तर निघाले असते. शेवटचा श्रद्धांजलीच्या दिवशीचा, नुसतं 'मावशी'.

मी तिथूनच लावला. तिकडं संध्याकाळ. तिनं उचलला आणि विचारलं, कोण बोलतंय? भूत समजली असंल. मी म्हटलं, "मी जिवंत आहे. बॅग अजून भरलेली आहे का?" ती हो म्हणाली. मी म्हटलं, "मग निघ."

रात्री ती तिच्या मैत्रिणीकडं पोचली. सात आठवड्यांत तिनं अजून काय काय सोसलं ते मी इथं लिहिणार नाही. ते माझ्या थँक्यूवर आहे.

सोमवारी बाईंकडं गेले. त्यांचा फोन पुसून, चार्जरसकट जेवणाच्या टेबलावर ठेवला. बाई म्हणाल्या, मावशी, हे काय नाटक? मी सांगितलं, माझा फोन आहे, नंबर लिहून घ्या, तुम्ही बोलावलं की मी उचलीन. पण नकाशावर राहणार नाही. त्या म्हणाल्या, तन्वीच्या सेफ्टीचा प्रश्न आहे. मी म्हटलं, तिला जन्मापासून मी सांभाळते, ठिपका नाही सांभाळत. मग त्या म्हणाल्या ते अपेक्षितच होतं: "तुम्हाला कधी परकं मानलं का आम्ही?"

मी म्हटलं, "दुकानात तुम्ही माझ्याबद्दल जे बोललात ते मला कळलं होतं. इंग्रजी येतं मला. पुन्हा माझ्याबद्दल काही सांगायचं झालं तर मला विचारून सांगा."

बाईंचा चेहरा उतरला. क्षणभरच. मग त्यांनी केस मागं घेतले आणि म्हणाल्या, मग या आठवड्यात विचार करा मावशी, जमेल का तुम्हाला. मी म्हटलं, विचार मी करून आले आहे. तन्वी पायरीवर बसून बघत होती. तिनं विचारलं, "मावशी, आर यू मॅड ॲट मम्मा?" मी तिला जवळ घेतलं आणि हो म्हटलं. लेकराशी खोटं का बोलू?

त्याच दिवशी मी पिशवी घेऊन निघाले; बाईंनी परत बोलावलं नाही. तन्वीची आठवण येते, खोटं कशाला सांगू. पण परत जाणार नाही.

आता इकडच्या दुसऱ्या घरांतून विचारायला येतात. लेकरू सांभाळाल का, पोळ्या कराल का. कुणी म्हणतं, काकू, फोन आम्ही देऊ. मी त्यांना आत बसवते, चहा देते आणि आधीच सांगते. मी सकाळी येईन, संध्याकाळी माझ्या घरी जाईन. जेवण सगळ्यांबरोबर, नाहीतर डबा आणीन. तुमचा फोन तुमच्याकडं राहू द्या. माझे दोन नंबर आहेत, दोन्ही माझ्या नावावर, लिहून घ्या. लावा. उचलायचा की नाही ते मी ठरवीन.