पाच पाकळ्या

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या लायब्ररीत दर मंगळवारी माझ्याच वयाचे एक जपानी गृहस्थ भेटतात. बसण्याआधी ते रुमालाने टेबल पुसायचे, माझी बाजूसुद्धा. आपल्या घराण्याचं चिन्ह शोधताना त्यांना आजोबांच्या किमोनोचा एक धूसर फोटो मिळाला. मी जुना ड्राफ्ट्समन, म्हणून किमोनोवरचं ते फुलाचं चिन्ह कागदावर काढून दिलं. फोटोत पाकळ्या मोजता येत नव्हत्या. मी अंदाजाने पाच काढल्या आणि गप्प राहिलो. त्यांनी तेच चिन्ह बायकोच्या थडग्यावर कोरून घेतलं.

गेल्या मंगळवारी अखेर त्यांना सांगितलं.

"पाचच का?" त्यांनी विचारलं.

"तशा बऱ्या दिसल्या."

"तेव्हाच सांगायचं होतंत. मी थांबलो असतो," ते थकल्या आवाजात म्हणाले.

आज ते वेळेवर आले. रुमाल काढला, फक्त स्वतःची बाजू पुसली आणि माझ्या शेजारीच बसले.